नव्या स्पीकरवर काय काय वाजतं: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

स्पीकर आला. खोक्याच्या मागे चिन्हांची रांग आहे: वायफाय, ब्लूटूथ, गूगल कास्ट, एअरप्ले, स्पॉटिफाय, मॅटर. विकणाऱ्याच्या लेखी या सगळ्यांचा अर्थ एकच, ‘कनेक्ट होतो’. वापरणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. एका मार्गाने लावलेलं गाणं फोन घराबाहेर गेला तरी वाजत राहतं, दुसऱ्या मार्गाने लावलेलं जिन्यातच तुटतं. फोनच्या पडद्यावर मात्र दोन्ही वेळी स्पीकरचं तेच नाव दिसतं.

म्हणून प्रत्येक मार्गाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: गाणं आणतंय कोण, फोन की स्पीकर? बाकीचं बरंचसं त्यावरून आपोआप ठरतं असा माझा अंदाज आहे. बघू.

वापरणारे चौघे. माझा अँड्रॉइड, ताईचा आयफोन. आई फोनला हात न लावता बोलून रेडिओ लावणार. बाबांचा संग्रह कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर आहे: सीड्यांवरून काढलेल्या फ्लॅक फायली (आवाजातलं काही न गमावणाऱ्या), जुन्या एमपी३ आणि थोड्या डब्ल्यूएमए, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रकारातल्या. या शेवटच्या गटाची मला आत्तापासूनच धास्ती आहे.

६ जानेवारी

सेटअप ब्लूटूथवरून होतो. ॲप स्पीकरला गाठतं, वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याच्या हवाली करतं, आणि ब्लूटूथचं काम तिथे संपतं. त्यामुळे ‘मी ब्लूटूथने जोडलाय’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारावं, सेटअपला की गाण्याला?

आता स्पीकर कुठल्या नेटवर्कवर ठेवायचा हा प्रश्न. असली साधनं पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर टाकावीत, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, असा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला चुकीचा नाही. मुद्दाम तसं करून पाहिलं. बोलून सांगितलं की गाणं लागतं, रेडिओ लागतो, हवामानही सांगतो. पण फोनमधल्या कास्टच्या यादीतून स्पीकर गायब, ताईच्या एअरप्लेच्या यादीतूनही गायब. (फोनवरून स्पीकरवर गाणं लावायच्या या दोन पद्धती, पहिली गूगलची, दुसरी ॲपलची.)

कारण सरळ आहे. फोन स्पीकरला शोधतो तो इंटरनेटवरून नव्हे. तो घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, ‘गाणं वाजवणारं कुणी आहे का इथे?’ या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. हाक २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते आणि स्पीकर तिला ओ देतो. पाहुण्यांच्या वायफायवर बहुतेक राउटर साधनांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. हाकच पोचत नाही, मग ओ कोण देणार? इंटरनेट मात्र दोघांनाही सुरळीत मिळतं, त्यामुळे बिघाड कुठे आहे ते चटकन लक्षात येत नाही.

स्पीकर मुख्य नेटवर्कवर आणला, दोन्ही याद्यांत लगेच दिसला. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) कायमचा राखून ठेवला. बाबांच्या संग्रहासाठी तो लागेलच.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ? स्पीकर दोन्ही चालवतो. भिंतीपलीकडे ठेवायचा म्हणून २.४ वरच सोडलाय, गाण्याला तेवढा वेग पुरून उरतो. शेजारपाजारच्या वायफायची गर्दी असेल तर वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकीच एक धरावी, कारण या तिघी एकमेकींवर चढत नाहीत.

आणखी एक: ज्या वायफायला जोडल्यावर आधी लॉगिनचं पान उघडतं, तिथे हा स्पीकर चालणार नाही. त्याला पडदाच नाही, पान उघडणार कुठे?

८ जानेवारी

आज ब्लूटूथ.

इथे गाणं फोनच आणतो. फोन ते उतरवून घेतो, उलगडतो, पुन्हा दाबून लहान करतो आणि हवेतून पाठवतो. या दाबण्याला कोडेक लागतो. एसबीसी प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरमध्ये असावाच लागतो, शिवाय या स्पीकरमध्ये एएसी आहे. आयफोन एएसी वापरतो. माझा फोन एलडॅक हा कोडेकही बोलू शकतो आणि त्याची मजल ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला तितके हजार बिट) जाते, पण ते स्पीकरलाही यायला हवं. त्याला येत नाही, म्हणून इथे त्या आकड्याचा उपयोग शून्य. फोनच्या सेटिंगमध्ये एलडॅक दिसतो म्हणून खूश होणारे पुष्कळ भेटतात.

फोन म्हणजे नळ आणि ब्लूटूथ म्हणजे त्याला लावलेली नळी. नळातून जे येईल ते सगळं स्पीकरवर पडतं. मेसेजची टिंग, व्हिडिओची जाहिरात, ताईच्या लेकाच्या गेममधले धडाम आवाज, सगळं. फोन आला की गाणं थांबतं. फोन खिशात घेऊन पलीकडच्या खोलीत गेलं की आवाज तुटायला लागतो. दुसऱ्या कुणाला काही लावायचं असेल तर पहिल्याने सोडल्याशिवाय मार्ग नाही.

एवढं असूनही ब्लूटूथला मी मोडीत काढणार नाही. राउटर बंद करून पाहिला: कास्ट गेलं, एअरप्ले गेलं, बोलणंही गेलं (स्पीकर म्हणतो इंटरनेट नाही), पण फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी ब्लूटूथवर व्यवस्थित वाजली. पाहुण्याला वायफायचा पासवर्ड द्यायचा नसेल तेव्हाही हाच रस्ता. आणि कास्टचं बटण नसलेली जी ॲप्स आहेत, त्यांनाही अँड्रॉइडवर हाच.

१० जानेवारी

कास्ट, स्पॉटिफाय कनेक्ट आणि एअरप्ले २. फोनमध्ये तिन्ही एकसारखी दिसतात, एका बटणाला हात लावायचा आणि यादीतून स्पीकर निवडायचा. आतून दोन वेगळ्या जाती आहेत.

कास्टमध्ये फोन गाणं पाठवत नाही. अमुक सेवेवरचं अमुक गाणं, एवढाच निरोप तो देतो. पुढे स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ते आणतो. फोन विमान मोडवर टाकला, गाणं चालूच राहिलं, पुढचंही लागलं. यूट्यूब म्युझिकमध्ये पूर्ण अल्बम याच पद्धतीने ऐकला, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. स्पॉटिफाय कनेक्टचं तंत्र वेगळं असलं तरी वागणूक अशीच: गाणं स्पीकर आणतो, फोन नुसता रिमोट.

एअरप्लेमध्ये ताईचा आयफोनच गाणं पाठवतो, वायफायवरून. आवाज ब्लूटूथपेक्षा सरस, भिंतींचा त्रास कमी, मेसेजच्या टिंगा स्पीकरवर येत नाहीत, आणि एकाच वेळी अनेक स्पीकरवर पाठवता येतं. ही शेवटची सोय एअरप्ले २ ची, जी मे २०१८ मध्ये आयओएस ११.४ बरोबर आली. पण पाठवणारा फोनच असल्यामुळे तो गेला की गाणं गेलं.

ताई म्हणाली, “अरे, मी खाली उतरले की तुझा स्पीकर मुका का होतो रे? तुझं तर चालू राहतं.”

तिला सांगितलं की आयफोनवरूनही कास्ट करता येतं, मात्र ज्या ॲपमध्ये कास्टचं बटण दिलंय त्यातूनच. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक चालतील. आयफोनवरच्या ॲपल म्युझिकमध्ये ते बटण नाही. गंमत म्हणजे त्याच ॲपल म्युझिकच्या अँड्रॉइड आवृत्तीत आहे! उलट दिशेने पाहिलं तर अँड्रॉइडमध्ये मुळात एअरप्लेच नाही, तेव्हा खोक्यावरचं ते चिन्ह माझ्यासाठी शोभेचं.

जाताना हेही लिहून ठेवतो: कोणत्या सेवेचं कोणत्या स्पीकरशी जमतं हे ॲप ठरवतं, स्पीकर एकटा ठरवत नाही. विकत घेण्याआधी आपण रोज उघडतो ते ॲप उघडून त्यातलं बटण पाहणं हे खोकं वाचण्यापेक्षा जास्त कामाचं.

११ जानेवारी

फर्मवेअरचं, म्हणजे स्पीकरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं, तेवढंच. काही मोडलेलं नाही.

१३ जानेवारी

खात्यांचा गोंधळ. स्पीकरला माझं स्पॉटिफाय खातं जोडलेलं आहे. मी बाहेर हेडफोनवर ऐकत होतो, घरी ताईच्या लेकाने बोलून गाणं मागितलं आणि माझ्या कानातलं बंद पडलं. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं, ऑनलाइन असलात तर. फॅमिली प्लॅन असला तरी प्रत्येकाचं खातं वेगळं जोडायला हवं आणि स्पीकरला आवाजावरून माणूस ओळखायला शिकवायला हवं. तिघांचे आवाज नोंदवले. पोराचा नोंदवला नाही, त्याचं गाणं अजून माझ्याच नावावर पडतं. त्यामुळे मला सध्या शिफारशींत बदकं, ससे आणि आगगाड्या येतायत.

१६ जानेवारी

बाबांचा संग्रह. या प्रकल्पातलं खरं काम हेच.

पूर्वी याला डीएलएनए पुरायचं. कॉम्प्युटरवर एक सर्व्हर चालू ठेवायचा, टीव्ही किंवा म्युझिक सिस्टिम त्याची यादी दाखवायची. डीएलएनए हे ते तंत्र ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचंच नाव. ती संघटना २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये विसर्जित झाली. तंत्र अजून पुष्कळ साधनांत जिवंत आहे, पण या स्पीकरमध्ये नाही. पेनड्राइव्हचं भोकही नाही. म्हणजे आपल्याच हार्ड डिस्कवरचं गाणं आपल्याच खोलीतल्या स्पीकरवर वाजवायला मध्ये कुणीतरी दुभाष्या लागतो. इंटरनेटवरची कोट्यवधी गाणी चुटकीसरशी आणि घरातली तेवढी अडून, हा या जातीच्या स्पीकरांचा ढळढळीत दोष आहे आणि तो काही नजरचुकीने राहिलेला नसावा.

दुभाष्या म्हणून म्युझिक असिस्टंट हा प्रोग्राम निवडला. ते होम असिस्टंट या घरातली साधनं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीने चालतं, कायम चालू असलेला छोटा कॉम्प्युटर त्याला पुरतो. ते फोल्डर वाचतं, यादी तयार करतं आणि स्पीकरला कास्टने सांगतं की या पत्त्यावरून गाणं आण.

पहिल्या दिवशी यादी दिसली, गाणं काही वाजेना. स्पीकरला दिलेला पत्ता सर्व्हरच्या नावाचा होता, घरच्या राउटरने ठेवलेल्या नावाचा. कास्टची साधनं बऱ्याचदा घरच्या राउटरला नाव विचारतच नाहीत, थेट गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला विचारतात. आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचं नाव तिथे कोण ओळखणार? नावाच्या जागी आयपी पत्ता टाकला, वाजलं. सर्व्हरचाही पत्ता आता राखून ठेवलाय. हेच कारण असतं जेव्हा ‘फोनवर चालतं, स्पीकरवर चालत नाही’ अशी तक्रार येते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारं एचटीटीपीएस प्रमाणपत्र स्वतःच बनवलेलं असणं: ब्राउझरमध्ये आपण इशारा बाजूला सारून पुढे जातो, स्पीकरला तसं करता येत नाही.

१७ जानेवारी

फायलींचे प्रकार. फ्लॅक वाजतं. सीडीचा मूळ प्रवाह १४११ केबीपीएसचा, फ्लॅक त्यातलं काहीही न गमावता तो बराच लहान करतं. कास्ट ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटपर्यंतचं फ्लॅक घेतं, बाबांच्या सगळ्या फायली त्याच्या आतल्या आहेत. एमपी३, एएसी, ओपस ठीक.

डब्ल्यूएमए कास्टला येत नाही. म्युझिक असिस्टंट वाजवता वाजवता रूपांतर करून देतं, पण बाबांना त्या फायली फोनवरही हव्या आहेत, म्हणून एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने कायमच्या बदलल्या. बदलून एमपी३ केल्या असत्या तर आधी एकदा गमावलेल्या आवाजातून आणखी थोडं गेलं असतं. म्हणून फ्लॅक केल्या. फायली मोठ्या झाल्या, आवाज सुधारला नाही (तो सुधारणारही नाही), पण आहे तेवढा टिकला. ज्या कुलूपबंद होत्या, म्हणजे त्या काळी दुकानाच्या परवान्यासकट विकत घेतलेल्या, त्या उघडल्या नाहीत. त्यांचा नाद सोडला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला टॅगनी, म्हणजे फायलीतच लिहिलेल्या गाण्याच्या नाव-माहितीने. बाबांनी घरच्या बैठकीचं केलेलं एक जुनं ध्वनिमुद्रण आहे, नाव ‘पहाटेची मैफल’. यादीत दिसतं ‘पहाटेची मै’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. कारण शोधलं तेव्हा मजा वाटली. आयडी३ ही एमपी३मध्ये टॅग लिहायची पद्धत, तिच्या जुन्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘पहाटेची’ला २१, मधल्या मोकळ्या जागेला १, ‘मै’ला ६, झाले २८. ‘फ’साठी तीन हवेत, उरलेत दोन. त्या दोन बाइटांत अर्धवट कोंबलेला ‘फ’ म्हणजे ते प्रश्नचिन्ह.

उपाय असा की एमपी३ला आयडी३च्या २.४ आवृत्तीचे टॅग द्यायचे, त्यात यूटीएफ-८ची सोय आहे आणि ३० बाइटांची वेस नाही. फ्लॅकच्या फायलींना हा रोग होतच नाही, तिथे टॅग पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्येच असतात. बाबा शेजारी बसून नावं सांगत होते, मी टाइप करत होतो. कुणाची तबल्याची साथ होती यावर दोन ठिकाणी आमचा मतभेद झाला, तिथे त्यांचंच लिहिलं.

१८ जानेवारी

बाबांची तक्रार: “मैफलीचे तुकडे पडतात.” खरं आहे. सलग मुद्रण सीडीवर वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये कापलेलं असतं, आणि कास्टवर एका फायलीवरून दुसरीवर जाताना मध्ये क्षणभर शांतता येते. आलाप संपून गत सुरू होते नेमक्या त्याच जागी. म्युझिक असिस्टंटमध्ये फ्लो मोड नावाची सोय आहे: सगळी रांग एकाच लांब प्रवाहात जोडून तो स्पीकरला देते. स्पीकरला वाटतं एकच गाणं चाललंय, त्यामुळे फट पडत नाही. बाबा आता गप्प आहेत, म्हणजे जमलं.

२१ जानेवारी

आई आणि रेडिओ.

हाक मारायचा शब्द स्पीकर स्वतःच ओळखतो. त्याच्या पुढचं वाक्य कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे समजून घेतलं जातं आणि उत्तर परत येतं. इंटरनेट गेलं की आकलन गेलं, ते यामुळे. आईने विचारलं, “म्हणजे हा दिवसभर ऐकत असतो का गं बाई?” (आई स्पीकरलाच ‘बाई’ म्हणते.) मागे माइकचं बटण आहे, ते दाबलं की माइक बंद. माइक बंद असताना काय चालतं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून तपासलं: कास्ट चालतं, एअरप्ले चालतं, ब्लूटूथ चालतं. फक्त बोलून सांगणं बंद. दुपारी आई ते बटण दाबून ठेवते.

रेडिओ स्टेशन नावाने मागितलं की स्पीकर ते एखाद्या रेडिओ-यादी सेवेकडे शोधतो. त्या यादीत असेल तरच लागतं. स्टेशनने आपला प्रवाह दुसऱ्या पत्त्यावर हलवला आणि यादीत जुनाच पत्ता राहिला तर आदल्या दिवशी लागणारं स्टेशन आज लागत नाही, आणि दोष स्पीकरच्या माथी बसतो. आईच्या दोन आवडत्या स्टेशनांचे थेट पत्ते म्युझिक असिस्टंटमध्ये घातले, ती आता फोनवरच्या मोठ्या चित्रावर बोट ठेवून लावते. बोलून थेट पत्ता सांगता येत नाही, ते एक बरंच झालं.

बाबांचा संग्रह बोलून मागता येत नाही. ‘मैफल लाव’ म्हटलं की स्पीकर स्पॉटिफायवर धावतो आणि भलतंच काही लावतो.

२४ जानेवारी

मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या घरगुती साधनांची सामायिक भाषा. या चिन्हाबद्दल घरात मोठ्या अपेक्षा होत्या, म्हणून आधी हे लिहितो: मॅटरचा गाण्यांशी संबंध नाही. मॅटरच्या भाषेत ‘स्पीकर’ नावाचा प्रकार आहे खरा, पण त्यातून आवाज कमी-जास्त आणि चालू-बंद एवढंच होतं, संगीत वाहून नेलं जात नाही. इथे त्या चिन्हाचा अर्थ इतकाच की हा स्पीकर दिवे, प्लग, सेन्सर यांना हुकूम देऊ शकतो. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, काढणारी संस्था म्हणजे पूर्वीची झिगबी अलायन्स, आताची कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स.

वायफायवरचा मॅटर दिवा क्यूआर कोड दाखवून लगेच जोडला गेला. तोच दिवा ताईच्या फोनमधल्या ॲपल होमलाही दिला, दोन्हीकडून चालतो. मॅटरची ही सोय मात्र मनापासून आवडली.

दाराचा सेन्सर जोडला गेला नाही. तो मॅटरचाच आहे, पण थ्रेडवर बोलतो. थ्रेड ही कमी विजेवर चालणारी वेगळी रेडिओ पद्धत आहे, तिला घरच्या नेटवर्कशी जोडायला बॉर्डर राउटर लागतो, आणि या स्पीकरमध्ये थ्रेडचा रेडिओच नाही. खोक्यावर दोन्हीकडे मॅटरचंच चिन्ह. जुने झिगबी दिवे (झिगबी हीही एक वेगळी रेडिओ पद्धत) त्यांच्या ब्रिजमार्फत, म्हणजे मधल्या डबीमार्फत, येतात, थेट नाही.

२८ जानेवारी

दोन स्पीकर एकत्र. आतल्या खोलीत जुना स्पीकर आहे, दुसऱ्या कंपनीचा, त्यात एअरप्ले २ आहे पण कास्ट नाही. त्यामुळे दोघांवर एकत्र गाणं फक्त ताईच्या फोनवरून लागतं. डावा-उजवा अशी स्टिरिओ जोडी होत नाही, त्याला सारखंच मॉडेल लागतं. ब्लूटूथवर आलेलं गाणं नवा स्पीकर दुसऱ्याकडे पुढे देत नाही.

दोघांच्या मध्ये दारात उभं राहिलं की किंचित प्रतिध्वनी जाणवतो. थोडा दोष अंतराचा आहे: आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. लांबचा स्पीकर उशिराच ऐकू येणार, तो कुठल्याही सेटिंगने सगळ्या खोल्यांत एकाच वेळी बरोबर होणार नाही. जिथे बसून ऐकतो तिथे ठीक आहे, दारात कोण उभं राहतं?

३० जानेवारी

टीव्ही. ब्लूटूथने जोडला तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. फोनवरची व्हिडिओ ॲप्स चित्र मुद्दाम तेवढंच मागे ठेवतात म्हणून तिथे हे कळत नाही. टीव्हीत ‘ऑडिओ डिले’ आहे, पण त्याने आवाज आणखी मागे जातो, आपल्याला हवं त्याच्या उलट. स्पीकरला एचडीएमआय नाही. ऑक्सचं ३.५ मिमीचं भोक आहे, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून तार टाकली आणि ओठ-शब्द जुळले. आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होतो, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आपोआप बंद होतात. स्पीकर मात्र तारेवर आवाज आला म्हणून आपणहून ऑक्सवर जात नाही, वरचं बटण दाबावं लागतं. तार सध्या दरवाज्यातून जातेय, लांब घेऊन भिंतीकडेने न्यायची आहे.